खतातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते
(अभ्यासपाठ : गेंडा भुंगा आणि त्याचं गणगोत)



या वेळचा पाठ एका किड्यावर आहे. नाव गेंडा भुंगा. बचत गटाच्या अंकात भुंग्याचं काय काम, असं वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी गट शेणखत, कंपोस्ट आणि गांडूळखत विकतात, आणि पुणे शहर ही आपली मोठी बाजारपेठ आहे. या एका किड्याची ओळख नसल्यामुळे आपल्याच एका गटाचं नुकसान झालं, आणि त्यात माझीही चूक होती. म्हणून आधी तेच सांगते.

फोन आला त्या दिवशी

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आपल्या एका गटानं कोथरूडमधल्या एका सोसायटीला बागेसाठी चोवीस पोती खत दिलं होतं. तिसऱ्या दिवशी सोसायटीतून फोन आला. पोत्यात पांढऱ्या जाड अळ्या निघाल्या आहेत, खत परत घेऊन जा. माळीदादा म्हणाले, ही हुमणी आहे, झाडं मरतील. चोवीसच्या चोवीस पोती परत आली. टेम्पोचं जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं गटाच्याच माथी बसलं.

गटाच्या अध्यक्ष मावशींनी मला फोन केला. "ताई, खतात हुमणी निघालीय म्हणतात. खड्ड्यातपण तसल्याच आहेत, चांगल्या अंगठ्याएवढ्या. आता काय करू?"

मी समाजकार्य शिकलेली. किड्यांचं मला काही कळत नव्हतं. पण फोनवर "मला माहीत नाही" म्हणायला जीभ रेटली नाही. मी म्हणाले, "दुकानातून हुमणीचं औषध आणा आणि खड्ड्यात ओता." त्यांनी तसं केलं. शेजारच्या गांडूळखताच्या बेडमध्येही ओतलं. दोन दिवसांत बेडमधली गांडुळं मरून वर आली.

नंतर मी त्या अळ्या एका डब्यात थोड्या खतासकट घेऊन शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात गेले. तिथल्या कीटकशास्त्राच्या एका बाईंनी डबा वर्तमानपत्रावर रिकामा केला आणि नुसत्या बघत बसल्या. मिनिटभरात काही अळ्या उताण्या झाल्या आणि पाय वर करून पाठीवर सरपटत निघाल्या. काही मोठ्या अळ्या मात्र कुशीवर वेटोळं करून तशाच पडून राहिल्या. बाई म्हणाल्या, "ह्या दोन वेगळ्या आहेत. आणि दोन्हींत तुम्ही म्हणता ती उसाची हुमणी एकही नाही."

पोत्यांतल्या पाठीवर चालणाऱ्या अळ्या निरुपद्रवी होत्या. खड्ड्यातल्या मोठ्या अळ्या गेंडा भुंग्याच्या होत्या. त्यांचा बंदोबस्त करायला हवा होता, पण विषाची गरज नव्हती. चाळणी, फावडं आणि कोंबड्या एवढ्यावर काम भागलं असतं.

त्या दिवसापासून मी जे शिकले, ते आता क्रमानं मांडते.

गेंडा भुंगा म्हणजे कोण?

पावसाळ्याच्या तोंडावर रात्री अंगणातल्या दिव्याखाली धप्पकन पडणारा काळा, जाड, चकचकीत भुंगा तुम्ही पाहिलाच असेल. उताणा पडला की पाय झाडत राहतो. त्याच्या डोक्यावर पुढून मागे वळलेलं एक शिंग असतं, गेंड्याच्या शिंगासारखं. म्हणून गेंडा भुंगा. कोकणात त्याला गेंड्या भुंगा म्हणतात. शास्त्रीय नाव ओरिक्टेस ऱ्हायनोसेरॉस. १७५८ साली लिनिअस या शास्त्रज्ञानं त्याची नोंद केली.

लांबी साधारण साडेतीन ते पाच सेंटीमीटर. नर आणि मादी दोघांनाही शिंग असतं, पण नराचं लांब आणि मादीचं आखूड. आणखी एक खूण म्हणजे मादीच्या पोटाच्या टोकाला तांबूस केसांचा झुपका असतो.

पोरं या शिंगाला घाबरतात, पण हा भुंगा शिंगानं माणसाला इजा करत नाही. त्याला नांगी नाही आणि विषही नाही. हातात घेतला तर काटेरी पायांनी घट्ट पकडतो, तेवढंच टोचतं. शिंग मुख्यतः नरांच्या आपापसातल्या झोंबाझोंबीसाठी असतं. मादीसाठी किंवा खाण्याच्या जागेसाठी दोन नर एकमेकांना शिंगानं उचलून ढकलतात.

याच्या कुळातल्या जपानी भुंग्यावर शास्त्रज्ञांनी एक गोष्ट तपासली आहे. अळी असताना ज्याला भरपूर खाणं मिळतं, त्याचं शिंग मोठं होतं. ज्याची अळीपणी उपासमार होते, त्याचं शिंग नावापुरतं उरतं. भुंगा झाल्यावर कितीही खाल्लं तरी शिंग वाढत नाही. अंगणवाडीत आपण मुलांच्या पहिल्या वर्षांबद्दल जे ऐकतो, त्याची इथे आठवण होते.

ओझ्याचंही सांगते. अमेरिकेतल्या एका जातीच्या गेंडा भुंग्यावर १९९६ साली प्रयोग झाला. तो भुंगा स्वतःच्या वजनाच्या तीसपट ओझं पाठीवर घेऊन बराच वेळ चालला. त्याहून जास्त, शंभरपटीपर्यंत ओझंही त्यानं थोडा वेळ पेललं. आपण शेणाची पाटी डोक्यावर घेऊन चार खेपा केल्या की कंबर धरते!

एकच नाही, मोठं घराणं आहे

"गेंडा भुंगा" म्हणताना आपल्यासमोर एकच किडा येतो. पण हे एक मोठं घराणं आहे. जगात या घराण्यातल्या दीड हजारांहून जास्त जाती आहेत, आणि त्यांची रूपं, सवयी फार वेगवेगळ्या आहेत.

दक्षिण अमेरिकेत हर्क्युलस नावाचा भुंगा आहे. शिंगासकट तो आपल्या वितीएवढा, १७ सेंटीमीटरपर्यंत भरतो. जपानमध्ये कागदी पंख्यासारखं फाटे फुटलेलं शिंग असणारा भुंगा मुलं घरात पाळतात. तिथे तो दुकानात विकत मिळतो. युरोपातला गेंडा भुंगा लाकडाच्या भुशात आणि कुजक्या लाकडात वाढतो. जर्मनीत त्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला मारायचं नाही. आपल्याकडे दक्षिण भारतात एक जात अशी आहे की नराच्या डोक्यावर एक आणि पाठीच्या पुढच्या भागावर एक अशी दोन शिंगं असतात, दोन्ही टोकाला दुभंगलेली.

याच घराण्यात शिंग नसलेले भुंगेही आहेत. काही जातींत मादीला शिंग नसतं. काही जातींत नर-मादी दोघांनाही नसतं किंवा नुसता उंचवटा असतो. त्यामुळे शिंग दिसलं नाही म्हणून तो गेंडा भुंग्याच्या घराण्यातला नाही, असं म्हणता येत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. महाराष्ट्रात शेतकरी ज्याला हुमणी म्हणतात, ती एका जातीची अळी नसते. कृषी खातं आणि विद्यापीठं आपल्याकडच्या हुमणीचे चार मुख्य प्रकार सांगतात. माळरानावरची होलोट्रॅकिया, नदीकाठची ल्युकोफोलिस, तिसरी फायलोग्नॅथस आणि चौथी ॲडोरेटस. यातली फायलोग्नॅथस ही चक्क गेंडा भुंग्याच्या घराण्यातली आहे. तिच्या नराला लहानसं शिंगही असतं.

म्हणजे एकाच घराण्यात नारळ पोखरणारा आहे, मुळं खाणारा आहे, नुसतं कुजकं लाकूड खाऊन जगणारा आहे, आणि परदेशात मुलांनी पाळलेलाही आहे. घराण्याचं नाव कळलं म्हणून किडा वाईट की चांगला हे कळत नाही. जी अळी समोर आहे, तीच नीट बघावी लागते.

अंड्यापासून भुंग्यापर्यंत

गेंडा भुंग्याचं खाणं दोन वयांत दोन प्रकारचं असतं. हे एकदा समजलं की बाकी सगळं सोपं होतं.

मादी अंडी घालायला कुजणारी जागा शोधते. जुना उकिरडा, शेणखताचा खड्डा, कंपोस्टचा ढीग, लाकडाच्या भुशाचा ढीग, मेलेल्या नारळाचं उभं किंवा आडवं खोड. आठ ते बारा दिवसांत अंड्यातून अळी निघते. ही अळी कुजलेला पाला, शेण, भुसा खात तीन ते सहा महिने वाढते. पूर्ण वाढली की सहा ते दहा सेंटीमीटर लांब होते. मग खतातच मातीची पोकळी करून कोषात जाते, आणि साधारण तीन-चार आठवड्यांनी भुंगा होतो. भुंगा पुढे काही महिने जगतो.

अळी असेपर्यंत ती आपल्या पिकाच्या जिवंत मुळाला तोंड लावत नाही. नुकसान करतो तो मोठा झालेला भुंगा, आणि तेही मुख्यतः नारळाचं. म्हणजे तो वाढतो आपल्या खड्ड्यात आणि खातो शेजारच्याच्या नारळावर. खड्डा त्याचं माहेर म्हणा हवं तर.

नारळावरची खूण

भुंगा रात्री उडतो. नारळाच्या शेंड्यात, न उमललेल्या कोंबात भोक पाडून आत शिरतो आणि कोवळा रस खातो. भोकातून चोथा बाहेर आलेला दिसतो. तो कोंब पुढे उमलला की झावळी कात्रीनं कापल्यासारखी त्रिकोणी कातरलेली दिसते. दोन्ही बाजूंनी सारखी, घडी घालून कापलेल्या कागदासारखी. ही खूण एकदा पाहिली की रस्त्यानं जातानाही ओळखू येते. पुण्यात सोसायट्यांच्या आवारात, जुन्या वाड्यांच्या परसात नारळ आहेत. पुढच्या वेळी शहरात आलात की मान वर करून बघा.

मोठं झाड सहसा लगेच मरत नाही, पण पानं कमी झाली की फळ कमी होतं. लहान रोपाचा मात्र वाढीचा कोंबच खाल्ला गेला तर रोप मरतं. दुसरा धोका असा, की भुंग्यानं केलेल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो. त्याची अळी खोड आतून पोखरते आणि त्यात झाड जातं. म्हणून गेंडा भुंग्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

तीन अळ्या, तीन ओळखी

आता मुख्य धडा. आपल्या खतात आणि शेतात ज्या जाड, पांढऱ्या, इंग्रजी "सी" अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसतात, त्या बहुतेक वेळा या तीनपैकी एक असतात.

पहिली : फुलांवर येणाऱ्या भुंग्याची अळी.
साधारण तीन ते पाच सेंटीमीटर. डोकं अंगाच्या मानानं लहान, मागचा भाग जाड, पाय अगदी आखूड. सपाट कागदावर ठेवली की उताणी होते आणि पाय वर करून पाठीवर सरपटते. ही फक्त कुजलेलं खाते. तिच्या लेंड्या म्हणजे बारीक दाणेदार खतच. गॅलरीतल्या कुंडीत, कंपोस्टच्या ड्रममध्ये बऱ्याचदा हीच सापडते. हिला मारायचं कारण नाही.

दुसरी : गेंडा भुंग्याची अळी.
मोठी झाली की अंगठ्यापेक्षा जाड आणि सहा ते दहा सेंटीमीटर लांब. डोकं मोठं, कडक, गडद तपकिरी. मागच्या टोकाकडे कातडीतून आतलं काळपट खाणं दिसतं. कागदावर ठेवली की कुशीवर वेटोळं करून पडते, पाठीवर चालत नाही. कुजलेलं खाते. पिकाला त्रास देत नाही, पण भुंगा झाल्यावर नारळाला देते.

तिसरी : हुमणी, म्हणजे उसाच्या, भुईमुगाच्या, बाजरीच्या मुळांवरची.
साडेतीन-चार सेंटीमीटर, डोकं नारिंगी-तपकिरी, पाय त्यामानानं लांब. ही बहुतेक पिकाच्या मुळाशी जमिनीत सापडते. पाठीवर चालत नाही. पावसाळ्यात पीक पिवळं पडून उपटलं की हाताशी सहज येतं, कारण मुळं खाल्लेली असतात.

दुसरीत आणि तिसरीत गोंधळ होतो, कारण गेंडा भुंग्याची लहान अळी हुमणीएवढीच दिसते. त्यासाठी एक बारीक खूण आहे. अळीच्या मागच्या टोकाला, खालच्या बाजूनं, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघा. गेंडा भुंग्याच्या आणि फुलभुंग्याच्या अळीची शेपटाकडची चीर आडवी, सरळ असते. होलोट्रॅकियासारख्या हुमणीची चीर मधे दुमडलेली, "वाय" अक्षरासारखी दिसते. पण मघाशी सांगितलेली फायलोग्नॅथस गेंडा भुंग्याच्या घराण्यातली असल्यामुळे तिची चीरही आडवीच असते. म्हणून अळी शेतात मुळाशी सापडली असेल आणि मुळं कुरतडलेली असतील, तर चीर कशीही असो, कृषी सहायकांना दाखवाच.

थोडक्यात तीन प्रश्न विचारायचे. कुठे सापडली? कशी चालते? किती मोठी आहे?

आणखी एक समज काढून टाकायला हवा. "शेणखतातूनच हुमणी शेतात येते" असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. माळावरच्या हुमणीचे भुंगे मे-जूनमध्ये वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून निघतात. कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर बसून पाला खातात, तिथेच नर-मादी जुळतात, आणि मादी परत जमिनीत अंडी घालते. लहान अळी सुरुवातीला कुजलेलं खाते आणि मग मुळांकडे वळते. त्यामुळे न कुजलेलं कच्चं शेणखत शेतात टाकलं तर तिला आयतं खाणं मिळतं. म्हणून खत पूर्ण कुजवायचं, आणि हुमणीचा बंदोबस्त झाडांवरचे भुंगे गोळा करून करायचा. रात्री आठच्या सुमारास फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगे गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. एकट्या शेतानं करून उपयोग नाही, कारण शेजारच्या झाडावरचे भुंगे येतातच. सगळ्या गावानं एकाच आठवड्यात केलं तर फरक पडतो. हे काम गटांनी हाती घेण्यासारखं आहे.

आपल्या खड्ड्यात काय करायचं?

१. खड्डा दीड-दोन महिन्यांनी वरखाली करा. अळीला मोठं व्हायला तीन महिन्यांहून जास्त लागतात. तेवढ्यात एकदा तरी खालचं खत वर आलं पाहिजे. वर्षभर न हलवलेला उकिरडा म्हणजे भुंग्याला आमंत्रण.

२. त्या दिवशी कोंबड्या सोडा. फावड्यानं खत उलटत जा, बाकीचं काम कोंबड्या करतात. साळुंक्या आणि बगळेही येतात. मोठ्या अळ्या हातानं वेचून कोंबड्यांनाच घाला. मात्र खड्ड्यात आधी औषध टाकलेलं असेल तर या अळ्या कोंबड्यांना घालू नका.

३. खड्ड्यात कीटकनाशक ओतू नका. गांडुळं मरतात, खत कुजवणारे बारीक जीव मरतात, आणि ते विष भाजीच्या वाफ्यात जातं. आपलं खत "सेंद्रिय" म्हणून विकलं जातं. एकदा औषध ओतलं की तसं म्हणायचा हक्क आपण गमावतो.

४. अळ्या फारच असतील तर मेटारायझियम ही बुरशी वापरा. ही हिरव्या रंगाची बुरशी अळीच्या अंगावर वाढून तिला मारते. माणसाला, जनावराला तिचा त्रास नाही. कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अशी उत्पादनं मिळतात. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं, तेवढंच वापरा. खत ओलसर असताना आणि ऊन उतरल्यावर टाका. बुरशी उन्हात टिकत नाही. पाकिटावरची तारीखही बघून घ्या, कारण जुनी बुरशी मेलेली असते.

५. मेलेलं नारळाचं किंवा शिंदीचं खोड परसात कुजत ठेवू नका. फोडून जाळा किंवा बारीक करून खड्ड्यात खोल घाला आणि तो खड्डा वेळेवर हलवा.

६. गांडूळखताचा बेड जाळीनं किंवा शेडनेटनं झाका. भुंगा रात्री उडत येऊन अंडी घालतो, त्याला वाटच मिळत नाही. गेंडा भुंग्याच्या अळ्या गांडुळांना खात नाहीत, पण त्यांचं खाणं संपवतात.

७. नारळ असेल तर शेंड्याकडच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यात पाव किलो निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून वर्षातून तीनदा टाका : मे, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये. कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेची ही शिफारस आहे. कोंबात भोक दिसलं तर माहितगार माणसाकडून तारेच्या आकड्यानं भुंगा ओढून काढून घ्या. कोकणातल्या मैत्रिणींना नारळाबद्दल जास्त विचारायचं असेल तर रत्नागिरीजवळ भाट्ये इथे कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे.

पोतं शहरात जाण्याआधी

आता विक्रीबद्दल. खताबरोबर किडा प्रवास करतो, ही फार जुनी गोष्ट आहे. १९०९ साली श्रीलंकेतून रबराची रोपं पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटावर नेली गेली, त्यांच्याबरोबर गेंडा भुंगा तिथे पोचला. तिथे त्याला मारणारे शत्रू नव्हते. नारळावरच जगणाऱ्या त्या बेटांवर त्यानं हाहाकार केला. १९६३ मध्ये मलेशियात या भुंग्याला रोग लावणारा एक विषाणू सापडला. १९६७ मध्ये तो सामोआत सोडला, तेव्हा कुठे भुंगा आटोक्यात आला. पुढे २००७ मध्ये गुआम आणि २०१३ मध्ये हवाई बेटांवर भुंगा पोचला. हवाईत तर कंपोस्ट आणि पालापाचोळा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेण्यावर सरकारनं निर्बंध घातले.

आपल्याकडे हा भुंगा परका नाही, इथलाच आहे. त्याला खाणारे पक्षी, बुरशी, रोग सगळं इथे आहे. त्यामुळे तसा हाहाकार होणार नाही. पण आपल्या पोत्यातून त्याच्या अळ्या नारळ असलेल्या सोसायटीत गेल्या तर दोष आपलाच. म्हणून :

पोतं भरण्याआधी खत चाळूनच घ्या. चाळणीवर राहिलेल्या अळ्या वेगळ्या करा. पाठीवर चालणाऱ्या परत आपल्या खड्ड्यात, मोठ्या वेटोळ्या कोंबड्यांना.

चाळलेलं खत सावलीत पातळ पसरून एक-दोन दिवस ठेवा आणि मगच भरा. राहिलेली एखादी अळी दिसून येते.

प्रत्येक पोत्यात एक चिठ्ठी घाला. आम्ही घालतो ती अशी : "हे खत चाळलेले आहे. तरीही एखादी पांढरी अळी दिसल्यास कागदावर ठेवून पाहा. पाठीवर चालत असेल तर ती खत करणारी अळी आहे, कुंडीत राहू द्या. मोठी, कुशीवर पडणारी अळी असेल तर काढून टाका आणि आम्हाला फोन करा." खाली गटाचा नंबर.

पुण्यात मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा लागतो. त्यांच्या ड्रममध्येही याच अळ्या निघतात आणि तिथेही लोक घाबरतात. वस्तीतल्या आपल्या ज्या गटांच्या बायका सोसायट्यांत खत करण्याचं काम करतात, त्यांनी ही ओळख शिकून घ्यावी. हे काम जाणणाऱ्या बाईला सोसायटी सहसा सोडत नाही.

गटाच्या बैठकीत करून बघा

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं आपल्या खड्ड्यातल्या तीन-चार अळ्या थोड्या खतासकट डब्यात आणाव्यात. झाकणाला भोकं पाडा. वर्तमानपत्र पसरा, अळ्या ठेवा, पाच मिनिटं नुसतं बघा. कोणती पाठीवर चालली, कोणती कुशीवर पडली, त्याप्रमाणे दोन ढीग करा. काडेपेटीशेजारी ठेवून लांबी बघा आणि मोबाईलवर फोटो काढा. शंका असेल ती अळी माझ्याकडे द्या. पुण्यात कृषी महाविद्यालय आहे, आणि आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, जिथे किड्यांच्या जातींचाच अभ्यास होतो. विचारायला जागा आहेत. आता मी अंदाजानं उत्तर देणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या गावात खड्डा शेवटचा कधी उलटला?
२. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगे कोणत्या झाडांवर बसतात? ती झाडं कोणाच्या बांधावर आहेत?
३. खत चाळायला किती बायकांचे किती तास लागतात? ती मजुरी आपण पोत्याच्या दरात धरतो का?

तिसरा प्रश्न नीट बोला. आपण शेणाची किंमत धरतो, पोत्याची धरतो, टेम्पोची धरतो. चाळणाऱ्या हातांची बऱ्याचदा धरत नाही.

त्या गटाचं पुढे काय झालं?

परत आलेली चोवीस पोती गटानं चाळली. त्यातली चौदा सभासदांनी आपापल्या शेतात वापरली. दहा पोती घेऊन मी आणि अध्यक्ष मावशी पुन्हा त्याच सोसायटीत गेलो, सोबत डब्यात अळ्या. माळीदादांसमोर मावशींनी स्वतः वर्तमानपत्र पसरलं. अळी उताणी होऊन चालायला लागली तशी सोसायटीतली पोरं गोळा झाली. माळीदादा म्हणाले, "एवढी वर्षं मी सगळ्यांनाच चिरडत आलो." दहा पोती त्यांनी ठेवून घेतली. पण मेलेली गांडुळं परत आली नाहीत. गांडूळ कल्चर पुन्हा विकत घ्यावं लागलं आणि गटाच्या कर्जाचे दोन हप्ते लांबले.

मी त्या गटाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की औषधाचा सल्ला माझा होता आणि तो चुकीचा होता. इतिवृत्तात तसं लिहायलाही सांगितलं. सचिव ताई लिहिताना जरा थांबल्या, मग लिहिलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "पोरी, पुढच्या वेळी माहीत नसलं तर माहीत नाही म्हण. आम्ही दोन दिवस थांबू की."

मैत्रिणींनो, तुमच्या खड्ड्यात अळी निघाली तर तुम्हीही दोन दिवस थांबा. आधी कागदावर ठेवून बघा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, पुणे